आत्महत्या पाप आहे का? हा प्रश्न धम्म कुणाला विचारतो

वस्तीत कुणी आत्महत्या केली की पुढच्या दोन-चार दिवसांत तीन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले, "जीव देणे म्हणजे पाप." दुसरे, "बाबासाहेबांनी एवढे सोसले, आणि हा भित्रा निघाला." तिसरे जरा हळू आवाजात, "सुटला बिचारा." नाशिक शहरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत समाजकार्य करताना आम्ही ही तिन्ही वाक्ये अनेकदा ऐकली आहेत. बोलणारी माणसे वाईट नसतात. पण मागे राहिलेल्या आईला, बायकोला, भावाला ही वाक्ये वर्षानुवर्षे पुरतात. त्याच घरात किंवा शेजारच्या घरात दुसरा कुणी मनातल्या मनात झुंजत असेल, तर तो ही वाक्ये ऐकून अधिकच गप्प होतो.

ही तीन वाक्ये म्हणजे तीन जुने तात्त्विक युक्तिवाद आहेत. ग्रीकांपासून आजच्या न्यायालयांपर्यंत माणसे त्यांवर वाद घालत आली आहेत. तथागतांच्या संघातही हा प्रश्न आला होता आणि तिथे त्याला मिळालेले उत्तर वेगळे होते. ते उत्तर आपल्या विहारांमध्ये फारसे सांगितले जात नाही, म्हणून हा लेख.

प्रश्न पुस्तकी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात झाल्या. हा आकडा देशातील सर्व राज्यांत सर्वांत मोठा. देशभरात मरणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त लोक रोजंदारीवर जगणारे होते. म्हणजे बोलतो आहोत ते आपल्याच माणसांबद्दल.

'पाप' म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद

आत्महत्या पाप आहे, हा विचार एका गृहीतावर उभा आहे. ते गृहीत म्हणजे आपला जीव आपला नाही, तो देवाचा आहे. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, माणसे ही देवांची मालमत्ता आहेत, तेव्हा मालकाच्या आज्ञेविना निघून जाणे योग्य नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने हाच मुद्दा पुढे नेला. जीव देणारा देव, नेणाराही तोच.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश विचारवंताने या मताला उत्तर दिले. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७७७ मध्ये छापला गेला. त्याचे म्हणणे असे की जे घडते ते सर्व देवाच्या योजनेनुसारच घडत असेल, तर डोक्यावर पडणारा दगड चुकवणे हीसुद्धा त्या योजनेत ढवळाढवळ ठरेल. दगड चुकवण्याला पाप म्हणत नसाल, तर दुसऱ्या गोष्टीला पाप म्हणायला देवाचा आधार पुरत नाही.

बौद्धांना या वादात फार वेळ घालवायचे कारण नाही. आपण सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही. तेव्हा 'देवाच्या मालमत्तेची नासाडी' हा आरोप आपल्या घरात लागूच होत नाही. तरीही तो मागच्या दाराने येतो. आपल्याच जिल्ह्यातले त्र्यंबकेश्वर नारायण-नागबळीच्या विधीसाठी प्रसिद्ध आहे. अपमृत्यू झालेल्याचा आत्मा अडकून राहतो, त्याला मोकळे करावे लागते, ही त्यामागची समजूत. दीक्षा घेतलेल्या कुटुंबालाही अशा प्रसंगी कुणी ना कुणी नातेवाईक हे सुचवतोच. आधीच खचलेले कुटुंब मग भीतीपोटी कर्ज काढते.

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी आत्म्याची कल्पना नाकारली. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख समजावून सांगण्याची रीतही नाकारली. आत्मा नाही, म्हणून भटकणारा आत्माही नाही. ज्या घरात आत्महत्या झाली आहे त्या घराला हे कुणीतरी बसून, स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज असते.

'समाजाचे देणे' हा युक्तिवाद

ॲरिस्टॉटलने देवाला बाजूला ठेवून वेगळा मुद्दा मांडला. आत्महत्या करणारा स्वतःवर अन्याय करत नाही, कारण स्वतःवर अन्याय होऊच शकत नाही. तो अन्याय करतो आपल्या नगरावर, समाजावर. आपल्याकडे हेच वेगळ्या शब्दांत बोलले जाते. "समाजाने शिकवले, मोठे केले, आणि हा समाजाचे देणे न फेडता गेला."

या युक्तिवादात तथ्य आहे. माणूस एकटा नसतो, त्याच्या जाण्याने अनेकांचे आयुष्य फाटते. पण देणे-घेणे परस्पर असते, हेही ह्यूमने तेव्हाच दाखवून दिले होते. समाजाकडून जे मिळाले त्याच्या बदल्यात आपले देणे लागते. मग ज्याला समाजाने हिणवणूक दिली, वसतिगृहाच्या खोलीतून बाहेर काढले, विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्याच्यापुढे देण्याची वही उघडण्याचा अधिकार त्या समाजाला कसा पोचतो? आधी समाजाने स्वतःचे खाते दाखवावे. जातीव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न ॲरिस्टॉटलपेक्षा लवकर सुचेल.

'भित्रेपणा' आणि साने गुरुजी

दुसरे वाक्य भित्रेपणाचे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात याला अधिक नेटके रूप दिले. माणूस हे स्वतःच एक साध्य आहे, साधन नव्हे. दुःख टाळण्यासाठी जो जीव देतो तो स्वतःला साधनासारखे वापरतो आणि स्वतःच्या प्रतिष्ठेला बाधा आणतो. स्वाभिमानाची चळवळ केलेल्या आपल्या समाजाला हा विचार जवळचा वाटेल. आपल्या जिवाला किंमत आहे, ती कुणी नाकारली तरी आहे, हे सांगायला कांटचा हा मुद्दा उपयोगीही आहे.

पण त्यावरून मेलेल्याला भित्रा ठरवता येत नाही. साने गुरुजींचे उदाहरण घेऊ. त्यांनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केले. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले आयुष्य संपवले. महाराष्ट्रात त्यांना कुणी भित्रा म्हणत नाही, पापी म्हणत नाही. शाळाशाळांत त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात. त्यांच्या मनाची वेदना लोक समजून घेतात.

जी समज साने गुरुजींना मिळते ती सातपूरच्या कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराला का मिळू नये? मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण कारणे शोधतो आणि साध्या माणसाच्या बाबतीत दोष. 'आत्महत्या' या शब्दातच 'हत्या' आहे. म्हणजे तोंड उघडताच आपण निम्मा निकाल देऊन मोकळे होतो.

दुसरी अडचण अशी की हे सारे तत्त्वज्ञ डोळ्यांसमोर एक शांत, विचारी माणूस ठेवतात. तो हिशोब मांडतो आहे, फायदे-तोटे तोलतो आहे. प्रत्यक्षात संकटाच्या त्या तासांत माणसाचे मन एका बोळात सापडल्यासारखे होते. बाजूच्या वाटा दिसत नाहीत. ती वेळ टळली की बहुतेकांना वाटा पुन्हा दिसू लागतात. प्रयत्नातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून 'ज्याचा जीव त्याचा हक्क' हा युक्तिवादही इथे अपुरा पडतो. हक्क वापरायला निवड करता यावी लागते, आणि त्या घडीला निवडच हरवलेली असते.

'आयुष्याचे काम झाले' हा युक्तिवाद

याला अपवाद म्हणून एक वेगळा युक्तिवाद मांडला जातो. निराशेने जीव देणे वेगळे आणि कार्य पूर्ण झाल्यावर देह ठेवणे वेगळे, असा तो युक्तिवाद. आपल्या जिल्ह्यातील भगूरचे सावरकर यांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत असा भेद केला आणि १९६६ मध्ये प्रायोपवेशनाने देह ठेवला. विनोबा भावे यांनीही १९८२ मध्ये पवनारला शेवटच्या आजारात अन्न आणि औषध सोडले. जैन परंपरेतील सल्लेखनेवर २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

या प्रत्येकाचा न्याय करणे हे या लेखाचे काम नाही. पण एक सावधगिरी हवी. 'आयुष्याचे काम संपले' हे कोण ठरवणार? ज्या समाजात म्हातारी सासू, अपंग मूल, आजारी कमावता ही सगळी 'ओझी' मानली जातात, तिथे हे वाक्य त्यांच्या तोंडी कुणी घातले, हे तपासावे लागते. मरणासन्न रुग्णाने निरुपयोगी यंत्रोपचार नाकारणे हा आणखी वेगळा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याला आत्महत्येच्या यादीत घालू नये.

'सुटका' आणि पायासि राजाचा प्रश्न

तिसरे वाक्य "सुटला बिचारा." हे आपल्या समाजात जास्त धोक्याचे, कारण त्याला धम्माचा आधार आहे असे काहींना वाटते. तथागतांनीच सांगितले ना की जीवन दुःख आहे? मग दुःखातून बाहेर पडला तर बिघडले कुठे?

बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये त्यांच्या निर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवर प्रश्न उभा केला. जन्मही दुःख, जीवनही दुःख, मरणही दुःख असेल तर माणसाला आशाच उरत नाही, मग ही शिकवण मूळ बुद्धाची कशी, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या मांडणीत दुःख आहे हे मान्य करणे ही सुरुवात आहे. ते दूर करणे हा धम्माचा हेतू आहे.

पालि साहित्यात, दीघ निकायातील पायासि सुत्तात, नेमका हाच तर्क एका राजाच्या तोंडी आला आहे. पायासि कुमार कस्सपांना विचारतो, मेल्यावर अधिक चांगले मिळते असे सज्जनांना खात्रीने वाटत असेल, तर ते लगेच जीव का देत नाहीत? कुमार कस्सप एक गोष्ट सांगतात. एका ब्राह्मणाच्या दोन बायका होत्या. तो वारला तेव्हा धाकटी गरोदर होती. मोठीच्या मुलाने संपत्तीवर हक्क सांगितला. आपल्याला मुलगा होणार की मुलगी, हे लगेच कळावे म्हणून धाकटी दिवस भरण्याआधीच गर्भ बाहेर काढायला गेली. मूलही गेले, तीही गेली. कस्सप म्हणतात, शहाणी माणसे कच्चे फळ तोडत नाहीत, ते पिकू देतात. शिवाय शीलवान माणूस जितके दिवस जगतो तितके दिवस पुष्कळांचे हित होते.

हे उत्तर बारकाईने पाहावे. त्यात शाप नाही, नरकाची धमकी नाही. जगण्याची किंमत दोन गोष्टींवरून सांगितली आहे. जे अजून पिकायचे आहे ते आज दिसत नाही, आणि तुमचे जगणे इतरांच्या उपयोगाचे आहे. पुढचा जन्म मानणारा असो की न मानणारा, हे उत्तर दोघांनाही घेता येते.

वैशालीत काय घडले

आता विनयपिटकाकडे वळू. वैशालीजवळ महावनातील कूटागारशाळेत तथागतांनी भिक्खूंना देहाच्या अशुभतेवर चिंतन करायला सांगितले आणि स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. या चिंतनाने अनेक भिक्खूंना आपल्या शरीराची किळस आली. काहींनी जीव दिला, काहींनी दुसऱ्याकरवी मरण मागून घेतले. तथागत परतले तेव्हा संघ विरळ झालेला दिसला. त्यांनी आनंदांना कारण विचारले.

पुढे त्यांनी मेलेल्यांना पापी ठरवले नाही. उरलेल्यांना "मन खंबीर ठेवा" असा कोरडा उपदेश केला नाही. त्यांनी साधना बदलली आणि आनापानसति, म्हणजे श्वासावरील स्मृती, शिकवली. माणसे मरू लागली तर पद्धत तपासायची, हा धडा त्यात आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आणि स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक क्लासने तो घ्यावा असा आहे.

त्यानंतर नियम घातला गेला, तो तिसरा पाराजिक. पाराजिक म्हणजे सर्वांत जड दोष. तो घडला की भिक्खू संघातून कायमचा बाहेर. जो माणसाचा जीव घेईल, त्यासाठी कुणाला शोधून आणेल, तो या दोषात येतो. मग आणखी एक प्रकार घडला. सहा जणांच्या एका टोळीतील भिक्खूंचे मन एका आजारी उपासकाच्या बायकोवर गेले. ते त्याच्याजवळ बसून मरणाची स्तुती करू लागले. तू पुण्य केले आहेस, हे कष्टाचे जगणे कशाला, मेल्यावर तुला सुखच मिळेल. तो माणूस त्यांच्या बोलण्याला भुलला आणि गेला. बायकोने जाहीरपणे त्यांची निंदा केली. तेव्हा नियम वाढवण्यात आला. मरणाची स्तुती करणारा आणि मरायला प्रवृत्त करणारादेखील पाराजिक.

याच विनयात स्वतःच्या जिवावर उठण्यालाही मनाई आहे. पण तो 'दुक्कट', म्हणजे हलक्या दर्जाचा दोष. म्हणजे स्वतःच्या जिवावर उठणाऱ्याचा दोष हलका, आणि दुसऱ्याला मरणाकडे ढकलणाऱ्याचा दोष सर्वांत जड. नीतीचा भार कुठे ठेवायचा याचे उत्तर अडीच हजार वर्षांच्या परंपरेने असे दिले आहे. आपण मात्र बरोबर उलटे करतो. गेलेल्याला दोष देतो आणि ढकलणाऱ्यांच्या घरी लग्नाला जेवायला जातो.

सारिपुत्तांनी आधी काय विचारले

छन्न नावाचे भिक्खू फार आजारी होते. वेदना असह्य झाल्याने जीव द्यावा असे ते सारिपुत्तांना म्हणाले. सारिपुत्तांनी पहिल्यांदा तत्त्वज्ञान सांगितले नाही. तसे करू नका, तुम्ही जगावे अशी आमची इच्छा आहे, असे ते म्हणाले. योग्य आहार मिळत नसेल तर मी आणीन, औषध नसेल तर शोधीन, सेवेला कुणी नसेल तर मी स्वतः सेवा करीन. बुद्धाच्या अग्रश्रावकाने आत्महत्येविरुद्ध मांडलेला पहिला युक्तिवाद हा असा होता.

छन्न पुढे वाचले नाहीत. तथागतांनी त्यांना दोष दिला नाही. हा प्रसंग काही जण परवानगीसारखा सांगतात, ते चूक आहे. तथागतांचे ते बोलणे आसक्तीपासून मुक्त झालेल्या भिक्खूबद्दल होते. छन्न त्या अवस्थेला केव्हा पोचले यावर अट्ठकथांपासून आजपर्यंत वाद आहे. कर्जाने, अपमानाने, प्रेमभंगाने किंवा आजाराने पिचलेल्या माणसाला तो दाखला लागू होत नाही. त्याला लागू होतो तो सारिपुत्तांचा प्रश्न. तुला काय हवे आहे, मी काय आणू?

तळटीपेत राहिलेली माणसे

समाजशास्त्राच्या वर्गात एमिल दुर्खीम यांचा १८९७ चा 'आत्महत्या' हा ग्रंथ शिकवतात. आत्महत्या ही खासगी बाब वाटली तरी तिचे प्रमाण समाजाच्या रचनेवर अवलंबून असते, हे त्यांनी दाखवले. त्यांनी तीन प्रकार विस्ताराने मांडले. समाजाशी धागा तुटल्याने, समाजात अतोनात विरघळल्याने आणि नियम-बंध कोसळल्याने होणाऱ्या आत्महत्या. चौथा प्रकार त्यांनी एका तळटीपेत टाकला. ज्यांचे भविष्य निर्दयपणे कोंडलेले आहे, ज्यांच्यावर नियमांचा जाच अति आहे, त्यांच्या आत्महत्या. उदाहरण म्हणून त्यांनी गुलामांचा उल्लेख केला. आजच्या काळात हा प्रकार फारसा महत्त्वाचा नाही, असे त्यांना वाटले.

भारतात ती तळटीप हेच मुख्य प्रकरण आहे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. प्रत्येक मृत्यूनंतर जातीय छळाचे प्रश्न उठले, चौकश्या आणि खटले झाले, त्यांच्या निष्कर्षांवर वादही झाले. एवढे मात्र खरे की प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणाले, मुले नाजूक झाली आहेत. वैशालीतला धडा इथे कुणाला आठवला नाही.

आता एक अवघड गोष्ट आपल्यालाच सांगायची आहे. अशा मृत्यूनंतर आपण फलकांवर 'बलिदान', 'शहीद', 'हुतात्मा' असे शब्द लिहितो. संताप खरा असतो, न्यायाची मागणी योग्य असते. पण हे शब्द वसतिगृहाच्या खोलीत एकटे बसलेले अजून एक मूल वाचत असते. जिवंतपणी त्याचे कुणी ऐकले नाही, आणि मेल्यावर हजारो लोक ऐकतील, असा अर्थ ते त्यातून घेऊ शकते. मरणाची स्तुती करू नये हा विनयाचा नियम आपल्यालाही आहे. म्हणून जो गेला त्याच्या अभ्यासाबद्दल, स्वप्नांबद्दल, त्याच्यावरच्या अन्यायाबद्दल बोलावे. त्याच्या मरणाला मोठेपणा देऊ नये. शेवटचे पत्र आणि छायाचित्रे फिरवू नयेत.

आदर्श हवा असेल तर तो जगणाऱ्यांचा आहे. रोहितची आई राधिका वेमुला यांनी १४ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. २०१९ मध्ये त्या आणि पायलची आई आबेदा तडवी यांनी मिळून उच्च शिक्षणातील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दोन आयांनी इतर आयांच्या मुलांसाठी चालवलेला हा लढा आहे.

कायदा कुठवर आला

कायद्याचा प्रवासही हाच आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली शिक्षा होती. मारुती श्रीपती डुबल हे मुंबई पोलिस दलातील शिपाई. अपघातानंतर त्यांना मानसिक आजार जडला होता, त्यातून त्यांनी प्रयत्न केला आणि त्यांच्यावर खटला झाला. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने हे कलमच घटनाबाह्य ठरवले. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज असते, हा त्यामागचा विचार. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती फिरवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे घटनापीठ म्हणाले.

मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरायचे, तिला शिक्षा करायची नाही आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ खाली अजून गुन्हा आहे. सरकारी कार्यालयाच्या दारात हताश झालेल्या गरिबाला ते कलम लागू शकते, याकडे आपल्या वकिलांनी लक्ष ठेवावे. दुसऱ्याला आत्महत्येस प्रवृत्त करणे कलम १०८ नुसार गंभीर गुन्हा आहे. म्हणजे कायदाही हळूहळू विनयाच्या जागी येऊन पोचला. पडलेल्याला आधार, ढकलणाऱ्याला जाब.

विहारात आणि घरात काय करता येईल

कुणी खूप गप्प झाले, वस्तू वाटून टाकू लागले, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असे बोलू लागले, तर सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुतेकांना हलके वाटते. उत्तर 'हो' आले तर उपदेश करू नये, एकटे सोडू नये, घरातील धोक्याच्या वस्तू दूर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. हा लेख वाचताना तुमच्याच मनात असे काही असेल, तर आत्ता हा क्रमांक लावा किंवा जवळच्या एका माणसाला सांगा. औषध घेणे हा कमकुवतपणा नाही. भिक्खूंना औषधाची परवानगी खुद्द तथागतांनी दिली आहे.

ज्या घरात आत्महत्या झाली तिथे परित्राणपाठ आणि पुण्यानुमोदन इतर कुठल्याही मृत्यूसारखेच व्हावे. भन्तेजींनी आणि बौद्धाचार्यांनी कारणाची चर्चा न करता गेलेल्याच्या चांगुलपणाबद्दल दोन शब्द बोलावेत. नंतरचे तीन-चार महिने कुणीतरी त्या घरी जात राहावे, कारण गर्दी ओसरल्यावर त्या घराचा खरा काळ सुरू होतो. आणि ढकलणारा कुणी असेल, मग तो सावकार असो, सासर असो, मालक असो की प्राध्यापक, तर तक्रार नोंदवायला कुटुंबासोबत पोलिस ठाण्यात जावे.

याच जिल्ह्यात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे झाली तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, आणि ती पूर्ण व्हायला १९५६ उजाडावे लागले. असह्य परिस्थिती सोडायची, जगणे सोडायचे नाही, ही वाट त्यांनी एकट्यासाठी शोधली नाही. लाखो माणसे सोबत घेऊन ते एकवीस वर्षे त्या वाटेने चालले. आपल्या गल्लीत आज जो कुणी थांबला आहे त्याला तशीच सोबत हवी आहे, आणि ती द्यायला या आठवड्यातला एक तास पुरेसा आहे.